गडाच्या भिंतीत सिमेंट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की गडांवर श्रमदानाची लगबग सुरू होते. उत्साह चांगलाच आहे, पण सिमेंटचं पोतं खालीच राहू द्या.

अजिंक्यताऱ्याचंच घ्या. शिलाहारांनी बांधलेला हा किल्ला १६७३ मध्ये शिवाजी महाराजांकडे आला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने वेढा घातला, तेव्हा प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. एप्रिल १७०० मध्ये मंगळाई बुरुजाखाली सुरुंग उडाले, तर दुसऱ्या स्फोटात तट बाहेर कोसळला आणि खाली दबा धरलेले मोगलच गाडले गेले. आज हे काम पाणी करतं, आवाज न करता.

तटाला आत-बाहेर घडीव दगड आणि मधे गोटे-मातीची भर असते. माथ्यातून मुरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यातून हळूहळू बाहेर येतं. सांधे सिमेंटने लिंपले की ते आतच कोंडतं, भर फुगते, भिंतीला पोट येतं आणि एखाद्या श्रावणात अख्खा पापुद्रा खाली येतो. म्हणून आधी तटाचा माथा चुन्याने, उतार देऊन बंद करावा, सांधे नंतर.

सांधा छिन्नीने दोन-तीन सेंटिमीटर उकरून धुवावा, मशीन लावू नये. भिजवलेला चुना निदान महिनाभर पाण्याखाली मुरलेला हवा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटांची पूड), दोन भाग चाळलेली वाळू चुन्याच्या घाणीत (चुना मळायच्या दगडी चाकाच्या चरात) मळून सांध्यात दाबून भरावी आणि वर दहा-बारा दिवस ओली पोती ठेवावीत. हे काम दसऱ्यानंतर काढून फेब्रुवारीत संपवावं. वैशाखाच्या उन्हात चुना आवळण्याआधीच सुकतो, नखाने खरवडला की भुकटी निघते. आणि जिथे मुळातच कोरडा, म्हणजे चुन्याशिवायचा सांधा आहे तिथे चुनाही नको, दगडाच्या कपच्या ठोकून दगड बसवावा.

पिंपळ-उंबर ओढून काढायची हौस तर सर्वात महागात पडते: मुळाबरोबर दगड निघतो. खोड भिंतीलगत कापून बुंध्याला झाड मारायचं औषध लावावं. नुसतं छाटलं तर पुढच्या पावसात दुप्पट धुमारे.

ढासळलेले दगड पायवाटेच्या पायऱ्यांना वापरू नयेत. फोटो काढून, खडूने नंबर घालून ते पडल्या जागेजवळच रचून ठेवावेत. संरक्षित स्मारक असेल तर हे सगळं पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीनंतरच.

आपले,
दुर्गप्रेमी वाचक, सातारा