सिंधुदुर्ग तासाभरात उरकू नकोस

सांगली

चि. निखिल यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री मालवणहून सुखरूप घरी पोचलो. जाताना राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो. आत्याला घाटात नेहमीप्रमाणे मळमळलं, आणि भडंगाचा डबा कणकवली यायच्या आत रिकामा.

तू दिवाळीनंतर मित्रांबरोबर सिंधुदुर्ग बघायला जायचं म्हणतोयस, म्हणून लगेच लिहायला बसले. होडीवाला बेटावर उतरवतो आणि तासाभरात परत या म्हणतो. तेवढ्यात लोक फोटो काढतात, कोकम सरबत पितात आणि चालू पडतात. आम्ही आधीच बोलून जास्तीचा वेळ ठरवून घेतला. जरा कुरकुरला, पण कबूल झाला. तुम्हीही तसंच करा.

होडीतून अख्खा तट दिसतो, पण दरवाजा कुठं आहे ते काही केल्या कळत नाही. बुरुजांच्या आड वळून शिरलं की एकदम पुढ्यात येतो. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी या कुरटे बेटावर काम सुरू केलं, ते तीनेक वर्षं चाललं. पायाचे दगड शिसं ओतून बसवलेत. तटाची उंची तीसेक फूट, रुंदी बाराएक फूट, म्हणजे वरून आरामात चालता येतं. बाबा मात्र एकाच दगडाशी थांबले होते. खाऱ्या वाऱ्यानं दगडाला बोट जाईल एवढी भोकं पाडलीत, आणि सांध्यातला चुना जागच्या जागी!

मला सगळ्यात नवल वाटलं ते विहिरींचं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी समुद्र आणि पाणी गोड. किल्ल्यावर आजही थोडी घरं आहेत. एक बाई कळशी भरत होत्या, त्यांनी ओंजळभर दिलं. आपल्या कृष्णेच्या पाण्यापेक्षा हलकं लागलं, हे बाबांना सांगू नकोस. आणखी एक, हसू नकोस : तटात शौचकूपसुद्धा बांधलेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं, त्यांना माझा नमस्कार. आपल्याकडच्या कित्येक एसटी स्टँडांवर अजून धड सोय नाही.

शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं देऊळ राजाराम महाराजांनी बांधलेलं. चुन्यात उमटलेले हाताचे नि पायाचे ठसे शिवाजी महाराजांचे म्हणून दाखवतात, तेही बघ. पुढं किल्ला कोल्हापूरकर छत्रपतींकडे होता आणि १८१२ च्या तहात इंग्रजांकडे गेला. हे बाबांनी होडीत सगळ्यांना ऐकवलं, न विचारता.

टोपी ने, वर सावली कमी आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतरचंच ठेव. खोली किनाऱ्याजवळ घ्या. सुरमईची थाळी मागवण्याआधी भाव विचारा. तारीख ठरली की कळव, जाताना एक रात्र सांगलीला उतरा, म्हणजे भडंग करून देते.

तुझी,
आई