कामावरच्या अपघातानंतर मनाची विचारपूस कधी?

महोदय,

कामावर अपघात झाला की टाके किती, सुट्टी किती, भरपाई किती, याच चौकशा होतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कामगारांना ‘रात्री झोप लागते का?’ हे तोवर कुणी विचारलेलंच नसतं.

यंत्रात बोटं सापडलेल्या एका कामगाराची जखम छान भरली होती. मुठीची ताकद मोजली, तर जवळजवळ पहिल्यासारखी. पण बाहेर लोखंडी दार आपटलं की तो हात झटकन पोटाशी ओढून घ्यायचा. घरचे म्हणायचे, अंगचोर झालाय. तो घाबरलेला होता. दुखेल या धास्तीने माणूस हालचाल टाळतो, त्याने सांधा आखडतो, स्नायूंची ताकद जाते आणि मग जरा हलवलं तरी खरंच दुखतं. धास्ती आणखी पक्की होते. अशा माणसाला कामचुकार ठरवणं हा अन्याय आहे.

अपघातानंतर काही दिवस दचकणं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणं साहजिक आहे. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ते थांबलं नाही आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायलाच हवं. नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी ‘पीएचक्यू-9’ ही 9 प्रश्नांची प्रश्नावली आहे. काही मिनिटांत भरून होते. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले, तर सविस्तर तपासणी करावी. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ‘अजिबात नाही’ सोडून काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण कमी असले तरी त्याच दिवशी त्या माणसाशी बोललं पाहिजे.

मालकांनाही एक विनंती. ‘ठणठणीत झालास की ये’ म्हणून वाट पाहू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी तासांनी, हलक्या कामाने सुरुवात करू द्या. आधी बंद यंत्राजवळ, मग चालू यंत्राजवळ, सोबत भरवशाचा सहकारी. अपंगत्व आलेल्यांना योग्य काम मिळावं आणि टिकवता यावं, यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1983 सालीच झाला आहे. सुट्टीतल्या माणसाला ‘कधी येणार?’ एवढंच विचारायला फोन करू नये, हे सांगायला मात्र करार लागू नये.

कामावर रुजू होण्याच्या दाखल्यात झोप, भीती आणि मनःस्थिती यांचे रकाने घालावेत, आणि ते भरल्याशिवाय डॉक्टरांनी सही करू नये.

– एक फिजिओथेरपिस्ट