तळहाताचं माप तेच राहू दे

डोंबिवली,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तू लिहितोस, की ॲपलच्या आयपॅड मिनीत, त्या छोट्या टॅब्लेटमध्ये, नुसती चिप बदलून आता भागायचं नाही. साचाच मोडून नवा करायला हवा आणि तोवर मी नवा घेऊ नये. फोनवर याचं धड उत्तर देता आलं नसतं. माझं रोजचं प्रुफं वाचायचं काम या एका वस्तूवर चालतं, म्हणून सवडीने लिहितोय.

आधी माप सांगतो, कारण तू मापाचा माणूस. २०१२ साली पहिला मिनी आला तेव्हा त्याची रुंदी होती १३४.७ मिलिमीटर. २०१५ चा मिनी, जो तू पुढच्या वर्षी अमेरिकेहून येताना माझ्यासाठी आणलास, तो १३४.८. २०१९ चा तेवढाच. २०२१ मध्ये तर सगळा चेहरामोहरा बदलला, खालचं गोल बटण गेलं, कडा सपाट झाल्या, पण रुंदी १३४.८. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आला त्याचीही तीच. म्हणजे बारा वर्षांत फरक एक दशांश मिलिमीटरचा! चाकणला तू डाय आणि फिक्स्चरच्या कामात इतकी वर्षं काढलीस. इतकं घट्ट सांभाळलेलं माप योगायोगाने राहत नाही, हे तुला मी सांगायला नको. कोणीतरी तळहात समोर ठेवून ते ठरवलंय.

त्या रुंदीचं मला काय, ते सांगतो. सकाळच्या फास्ट लोकलला डोंबिवलीहून मी उभाच असतो. उजवा हात वरच्या कडीला. डाव्या हातात मिनी, एका कडेला अंगठा आणि दुसऱ्या कडेला चार बोटं. हात पूर्ण ताणला की बरोब्बर बसतो, वर एक केसही जास्त नको. ११ इंची आयपॅड एअर १७८.५ मिलिमीटर रुंद आहे; तो असा धरताच येत नाही, छातीशी कवटाळावा लागतो. घाटकोपरला मेट्रोसाठी माणसं उतरली की कधी चौथी सीट मिळते. मग पडद्यावर लिहायची पेन्सिल काढायची आणि उभ्याने ज्या जागा बोटाने पिवळ्या करून ठेवल्या होत्या, त्यांवर दादरपर्यंत खुणा करायच्या.

गेल्या महिन्यात एका प्रवासवर्णनाची प्रुफं होती. पान ८८, ओळ खालून पाचवी: 'सह्याद्रीच्या दर्यांतून वारा घोंघावत होता.' डीटीपीवाल्याने दऱ्यांचा दर्या करून टाकला होता. दोघांनी आधी वाचलेलं, दोघांच्याही नजरेतून निसटलेलं. ठाणे सोडल्यावर गाडीने झोका घेतला, मी दोन बोटांनी ओळ मोठी केली आणि तो रफार दिसला. डोंगराच्या पोटात समुद्र शिरला होता! डब्यात उभ्या-उभ्या मला असा आनंद झाला, की शेजारच्या माणसाने वळून पाहिलं.

हा रफार पहिल्या मिनीवर मला दिसला असता की नाही, शंका आहे. त्याच्या पडद्यावर एका इंचात १६३ ठिपके होते. देवनागरी बारीक टायपात असली, की त्यावर अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळायच्या. २०१३ मध्ये ते ३२६ झाले. बाहेरून पाहणाऱ्याला काय बदललं ते कळलंही नसतं. प्रुफं वाचणाऱ्याला मात्र तेव्हा डोळे मिळाले. म्हणूनच 'थोडा बदल की पूर्ण बदल' हा तुझा प्रश्न मला नीट पकडता येत नाही. बदल केवढा, यापेक्षा तो हातात काय घेऊन आला, ते मी पाहतो. २०१४ चा तिसरा मिनी घे. चिप आदल्या वर्षीचीच, ए७. भर पडली ती बोटाच्या ठशाने उघडण्याची आणि सोनेरी रंगाची. त्या वेळी तू संतापला असतास तर मी तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो. पण २०१९ चा पाचवा? साडेतीन वर्षांनी आला, शरीर तसंच जुनं, आणि लोक म्हणाले, यात नवं काय. त्यात पहिल्यांदा पेन्सिल चालू लागली. त्याआधी मिनीवर फक्त वाचता यायचं. खुणा करायच्या तर बोटाने नाहीतर रबरी टोकाच्या काडीने, आणि काना नेमका कुठे घालायचा ते त्या काडीने दाखवता येत नाही. त्या एका बदलाने माझ्यासारख्यांसाठी वाचायची वस्तू लिहायची झाली. मी तो घेतला नाही, पैशांची तंगी होती, आणि ती हुरहुर दोन वर्षं राहिली.

पूर्ण नव्या घडणीला माझा विरोध आहे असं समजू नकोस. २०२१ ची घडण मी मनापासून मानतो आणि का, तेही सांगतो. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकारात निघतात, साडेपाच बाय साडेआठ इंच. समास सोडले की मजकुराचा चौकोन साधारण सव्वाचार बाय सात इंच उरतो. जुन्या ७.९ इंची पडद्याची उंची होती सहा इंचांहून थोडी जास्त, ६.२८. म्हणजे पान नेहमी दहाएक टक्के लहान करून पाहावं लागायचं. नव्या ८.३ इंची पडद्याची उंची ६.९५ आणि रुंदी ४.५६. समास कापून पान लावलं की मजकूर जवळजवळ छापील आकारात समोर येतो. वाचकाच्या हातात पुस्तक पडेल तेव्हा अक्षर जेवढं दिसेल, तेवढंच मला आत्ता दिसतं. आणि एवढं करून यंत्राची लांबी वाढली नाही, उलट २०३.२ वरून १९५.४ वर आली. पडदा मोठा, अंग लहान, तळहाताची रुंदी तीच. अशा कामाला मी घडण म्हणतो. पहिल्या दिवशी दुकानातून घरी आणून एका जुन्या डेमी पुस्तकावर तो ठेवून पाहिला होता. पुस्तकाची फक्त एक बारीक पट्टी बाहेर राहिली.

२०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने सात इंची टॅब्लेट चालणारच नाहीत असं ठासून सांगितलं होतं. ते वापरायचे तर सोबत पॉलिशपेपर द्यावा लागेल, लोकांना आपली बोटं घासून बारीक करायला, असंही तो म्हणाला होता. दोन वर्षांनी त्याच कंपनीने सॅन होजेमध्ये ७.९ इंची मिनी दाखवला. तो 'जवळजवळ इंचभर जास्त' म्हणजे चैन नव्हती, बोटांचा विचार होता. हे इतकं बारीक जमलेलं असताना तू साचा मोडा म्हणतोस, तेव्हा मला भीती वाटते, की कडा आणखी पातळ करायच्या नादात अंगठ्याला टेकायला जागाच उरणार नाही. मला ती कड हवी आहे. लोकलमध्ये अंगठा पडद्यावर गेला की पान उलटतं आणि ओळ हरवते.

तुझ्या तीन तक्रारींपैकी दोन मला मान्य. समोरचा कॅमेरा अजून आखूड कडेला आहे. मिनी आडवा उभा करून बोललं, की माणूस समोरच्याच्या खांद्याकडे बघत असल्यासारखा दिसतो. साध्या आयपॅडमध्येही २०२२ लाच तो लांब कडेला गेला, मिनीत का नाही, याला उत्तर नाही. पडदा सेकंदाला साठ वेळाच ताजा होतो, हेही खरं. २०२१ चा मिनी उभा धरून मजकूर सरकवला की एक बाजू दुसरीच्या मागे रेंगाळते आणि ओळी तिरक्या भासतात, हे तेव्हाच पुष्कळांच्या लक्षात आलं होतं. पडद्याच्या ओळी एकदम ताज्या होत नाहीत, एकामागून एक होतात, त्यामुळे असं दिसतं. मी पान सरकवत नाही, उलटतो, म्हणून माझं अडत नाही. पण दिवसभर सरकवणाऱ्याला त्रास होणारच. चांगला, वेगाने ताजा होणारा पडदा द्यावा, त्याचे पैसे घ्यावेत. त्यासाठी साचा मोडायला लागत नाही.

पण 'त्यात काही बदललंच नाही' ही तुझी तिसरी तक्रार चुकीच्या जागी आहे. २०२४ च्या मिनीत ए१७ प्रो चिप आली, साठवण ६४ ऐवजी १२८ जीबीपासून सुरू झाली, किंमत ४६,९०० रुपयांची ४९,९०० झाली. दोनशेपन्नास पानांचं चित्रांसहित पुस्तक उघडणाऱ्याला हे पुरेसं आहे. माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे आणि ती तू लिहिलीच नाहीस. या मिनीला दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही. २०२१ च्या मिनीला जी कडेला चिकटून चार्ज होते, तीच. मोठ्या आयपॅडांत कॅमेरा लांब कडेला, पेन्सिल चिकटते त्याच बाजूला आला, तिथे चुंबकांची मांडणी बदलावी लागली असेल, हे मी समजू शकतो. मिनीचा कॅमेरा तर जागेवरच राहिला! तरी पेन्सिल नवी घ्या, ११,९०० रुपयांची. नवी पेन्सिल दाबता येते, फिरवली तर रेघ बदलते. मला वेलांटीवर एक काट मारायची असते, एवढंच. गाड्यांचा फेसलिफ्ट, म्हणजे नुसता तोंडावळ्याचा बदल, येतो तेव्हा तुम्ही पत्र्याचे डाय, म्हणजे साचे, तेच ठेवता, म्हणजे जुने दरवाजे नव्या गाडीला बसतात. इथे दरवाजा तोच दिसतो आणि बिजागरी जुळत नाही. अंग तसंच ठेवायचं तर त्याला जडलेल्या वस्तूही चालू ठेवायला हव्यात. साध्या बदलाचं सगळं मोल त्यातच आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते.

तू आणलेला २०१५ चा मिनी आईकडे आहे, हे तुला माहीत आहे. त्यातलं सॉफ्टवेअर आयपॅडओएस १५ च्या पुढे जात नाही, पण आईला त्याचं काही नाही. सकाळी आंघोळ झाली की देवघरापुढच्या पाटावर बसून ती पोथीचे स्कॅन वाचते, अक्षर सुपारीएवढं करून. तीनशे ग्रॅमच्या आतलं वजन, मांडीवर सहज राहतं. गेल्या पावसाळ्यात त्याची बॅटरी अगदीच थकली. नऊ वर्षं झाली होती, थकणारच. इथल्याच एका दुकानात दिला. आत जायचं तर आधी पुढची काच उचलावी लागते आणि ती डिंकाने चिकटवलेली. त्याने गरम हवा मारली, पातळ पत्ती घातली, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात केसासारखा तडा गेला. बॅटरी बदलली, यंत्र चालू झालं. पण पान उलटताना आईचा अंगठा नेमका तिथेच येतो. मी वर पारदर्शक पट्टी लावली. ती म्हणाली, "राहू दे रे, अक्षरं दिसतायत ना." दिसतायत. पण दर वेळी तिचा अंगठा त्या पट्टीवर घासलेला मला ऐकू येतो.

म्हणून मित्रा, नवी घडण मागायचीच तर पोटाची माग. पाठ उघडता येईल असं कर म्हण. काच न उचलता बॅटरी निघेल असं कर म्हण. हे अशक्य नाही: त्याच कंपनीच्या आयफोन १६ मध्ये बॅटरीचा डिंक विजेचा हलका झटका दिला की सुटतो. युरोपात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटसाठी नियम लागू झालेत. बॅटरीने ८०० वेळा भरून-रिकामी होऊनही ऐंशी टक्के क्षमता राखली पाहिजे, आणि विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. तिथल्या माणसाला हे मिळतं, तर डोंबिवलीतल्या म्हातारीलाही मिळायला हवं. वरून पाहणाऱ्याला असा बदल दिसणार नाही, कोणी त्याचे फोटो काढणार नाही, पण माझ्या लेखी २०२१ नंतरची सगळ्यांत मोठी घडण ती असेल. ती आली तर जुनी पेन्सिल सोडून द्यायलाही मी तयार आहे. तोवर माझा २०२१ चा मिनी मी वापरणार. तू नको म्हणालास म्हणून नव्हे. दऱ्या आणि दर्या त्यावर अजून स्वच्छ वेगळे दिसतात.

गणपतीला येशील तेव्हा व्हर्नियर घेऊन ये. आईच्या मिनीच्या त्या कोपऱ्यावर बसेल अशी पातळ, मऊ कड तुझ्या ओळखीत कोणी करून देईल का बघ. अंगठ्याला टोचायला नको आणि पडदाही झाकायला नको. मापं देऊन ठेवतो: लांबी २०३.२, रुंदी १३४.८, जाडी ६.१. तडा खालच्या उजव्या टोकापासून आत साधारण अकरा मिलिमीटर आहे, पण ते मी पट्टीने मोजलंय. तू आलास की नीट मोजू.

आईचे आशीर्वाद. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
डोंबिवलीकर