बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग : अडचण मापाची आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या दुचाकी जपणाऱ्यांची जी पत्रे आपण गेल्या महिन्यात छापली, त्यांतल्या बहुतेकांचा सूर असा होता की उत्पादन थांबलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, कारण ते बनवणारे कारागीरच आता राहिले नाहीत. मी इंदूरचा रहिवासी आहे. पीथमपूरच्या एका कारखान्याच्या टूल रूममध्ये, म्हणजे साचे आणि अचूक मापाची हत्यारे बनवणाऱ्या विभागात, एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो, आणि गेले सात महिने पुतण्याच्या मोटारसायकलीपायी सियागंजपासून सांवेर रोडपर्यंत इतक्या खेपा घातल्या आहेत की या विषयावर दोन शब्द लिहायला हरकत नसावी. माझा अनुभव वेगळा आहे. कारागीर आहेत, लेथ आहेत, ग्राइंडिंग होते, हार्ड क्रोमही (क्रोमियमचा कठीण थर) करून मिळते. त्या कारागिराच्या हाती द्यायला माप नाही, ही खरी अडचण आहे.

आधी गाडीविषयी सांगतो. पुतण्याने ती सहा वर्षांपूर्वी जुनीच विकत घेतली. इंजिन आणि सांगाडा येझदी रोडकिंगचा; बाकी सगळे ज्याला ही मुले ‘कस्टम’ म्हणतात ते, म्हणजे पुढे लांब झुकलेला फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची जोडी), मागे रुंद चाक, निमुळती टाकी आणि एकट्यापुरते सीट. दुसऱ्या एका शहरातल्या छोट्या गॅरेजने अशा चार-पाच गाड्या हौसेने बांधल्या आणि काही वर्षांत गॅरेजच बंद झाले. म्हणजे ही गाडी दोनदा बंद झालेली आहे : एकदा येझदी बनवणारा म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये थांबला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा त्या गॅरेजचे शटर कायमचे खाली आले तेव्हा. (मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत असा फेरफार करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे, हे मी त्याला ऐकवले. ‘काका, आधी चालू तर होऊ द्या,’ एवढेच उत्तर मिळाले. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी तो विषय मी पुन्हा काढणार आहे.)

गाडीची दुखणी दोन होती. पुढचा फोर्क तेल गाळत होता आणि खड्ड्यात ठोके देत होता. आणि इंजिन एकदा तापून अडकले होते, त्यात पिस्टनवर ओरखडे आले होते.

कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात सुटे भाग आपोआप दोन ढिगांत वाटले गेले. बेअरिंगचा प्रश्नच आला नाही. कोणत्याही बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, आणि ६३०५ असा नंबर असेल तर आतला व्यास २५, बाहेरचा ६२ आणि रुंदी १७ मिलिमीटर, हे इंदुरात जेवढे खरे तेवढेच जपानात खरे. गाडी कोणती, कारखाना चालू की बंद, हे दुकानदार विचारतसुद्धा नाही. नंबर सांगा, पाच मिनिटांत खोका तुमच्या हातात. ऑइल सीलचेही तसेच, कारण त्याच्या अंगावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. नटबोल्ट, स्पार्क प्लग, केबलची तार यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. मात्र जे भाग त्या एका गाडीसाठीच घडवलेले असतात, त्यांचे माप कारखान्याच्या ड्रॉइंगवर असते. ते ड्रॉइंग कारखान्याबरोबर रद्दीत गेले की भाग जगातून नाहीसा होतो, मग तो कितीही साधा असो.

फोर्कचा बुश हा असाच साधा भाग. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी बसणारी बोटभर उंचीची धातूची बांगडी, बस. पण हा फोर्क कोणत्या गाडीचा हेच कोणाला सांगता येईना. एका मिस्त्रींनी एका गाडीचे नाव सांगितले, दुसऱ्यांनी दुसऱ्या. दोन्हींचे बुश आणून पाहिले आणि दोन्ही परत केले. शेवटी पोलोग्राउंडजवळ एका लहान शेडमध्ये लेथ चालवणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एका टर्नरकडे गेलो. इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हुकुमचंद मिलसुद्धा १९९१ च्या डिसेंबरात गेली, तेव्हा गिरण्यांच्या वर्कशॉपमधले असे काही कसबी हात छोट्या शेडमध्ये येऊन स्थिरावले. हे गृहस्थ त्यांतलेच. मी जुना बुश त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो बोटात फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘साहेब, हा नमुना बघून मी झिजलेलाच बुश करून देईन. चालेल?’

टूल रूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावे लागले, याची थोडी लाज वाटली. झिजलेला भाग मोजला तर झिजेचेच माप मिळते. म्हणून मग जिथे झीज पोहोचलेली नाही अशी जागा शोधावी लागली. फोर्कची आतली नळी वर जिथे क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेली असते, तिथे ती कधीच घासत नाही. ती सोडवून गंज व तेलकट काळा थर पुसला आणि मायक्रोमीटर लावला : ३४.९८ मिलिमीटर. खाली जिथे बुश रोज वर-खाली होतो तिथे ३४.८३, आणि तेही एका बाजूने जास्त, कारण पुढे झुकलेल्या फोर्कवर भार तिरपा येतो. म्हणजे मूळ नळी ३५ ची होती हे निश्चित झाले. मग नळ्या घासून, हार्ड क्रोम चढवून पुन्हा मापावर आणल्या, गनमेटलचे दोन बुश कातून घेतले, आणि त्यात तेलाच्या थरापुरती फट किती ठेवायची ते आम्ही दोघांनी चहा घेत ठरवले. नवे सील त्याच दिवशी मिळाले, कारण आता नंबर माहीत होता. सगळ्या कामाला चार दिवस लागले. त्याआधीचे चार महिने आम्ही फक्त नाव शोधत होतो.

पिस्टनची गोष्ट याहून अवघड आहे. येझदीच्या २५० सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. झीज झाली की ब्लॉक रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कातून, पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठा पिस्टन घालतात, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि असे पिस्टन डब्यात घालून विकायलाही आहेत. मी एक आणला. वजन ठीक, व्यास ठीक. पण टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत एक बारीक पिन ठोकलेली असते. रिंगची दोन टोके त्या पिनेला धरून बसतात, म्हणजे रिंग फिरत नाही आणि तिची टोके नेहमी सिलिंडरच्या सलग भिंतीवरूनच जातात. येझदीच्या एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर असल्यामुळे धूर जायची भोकेही दोन, आणि आत मिश्रण येण्याच्या वाटा निराळ्या. म्हणजे सलग भिंत उरते ती थोडीच. बसवण्यापूर्वी सवयीने मी पिस्टन ब्लॉकमध्ये सरकवला आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून आत डोकावलो, तर रिंगचे टोक नेमके भोकाच्या काठावर उभे. तसेच इंजिन चालू केले असते तर ते टोक भोकात उसळून अडकले असते, रिंग तुटली असती आणि नुकताच रिबोअर केलेला ब्लॉक गेला असता. दुकानदाराकडे परत गेलो, तर तो म्हणाला, ‘भिया, अंदर बैठ तो गया ना, फिर क्या दिक्कत?’

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने तो पिस्टन ओतला त्याच्यापुढे बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी नकलेचा नमुना असेल, आणि पिनेची जागा अंशांत मोजायची असते हे त्याला कोणी सांगितले नसेल. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून पिस्टनच्या धातूत सिलिकॉनचे प्रमाण सांभाळावे लागते, हीसुद्धा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलेली गोष्ट आहे. नमुना हातात धरून ती कळत नाही. २०२२ पासून येझदी नावाच्या नव्या मोटारसायकली बाजारात आहेत, त्यांचे भाग चालतील का, असे पुतण्याच्या मित्रांनी विचारले. त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे आहे; टाकीवरचे नाव सोडले तर घेण्यासारखे काही नाही.

आता सरकारी बाजू. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे यांबरोबर वाहने हे क्षेत्रही ठेवले. त्याआधी २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देण्यावरून चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. दोन्ही पावले चांगलीच आहेत, पण दोन्हींमध्ये समोर एक जिवंत कंपनी गृहीत धरली आहे. जी कंपनीच उरली नाही तिला कोणत्या पोर्टलवर बोलावणार? दुसरीकडे, वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले. शुल्काबद्दल माझी तक्रार नाही. परंतु गाडी चालवायला शासन परवानगी देते आणि त्यासाठी पैसे घेते, तर ती सुरक्षित ठेवण्यासाठी लागणाऱ्या भागांची मापे कुठे तरी जपून ठेवणे हेही त्याच कामाचे दुसरे अंग आहे. पन्नास वर्षांपुढच्या ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले. त्यात नोंदणी, नंबरप्लेट, शुल्क सगळे आहे, भागांविषयी काही वाचनात आले नाही. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बहुतेक गाड्या त्या वयाला अजून पोहोचलेल्याही नाहीत.

माझी सूचना फार खर्चाची नाही. आपल्याच शहरात सांवेर रोडवर इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे. अचूक मोजमाप आणि साचे बनवणे हेच तिथले काम, आणि शिकणारी मुलेही तिथे असतात. त्या मुलांना प्रकल्प म्हणून दरवर्षी बंद झालेल्या एखाद्या गाडीचे नेहमी लागणारे दहा भाग द्यावेत. न वापरलेला जुना भाग मिळाला तर उत्तम, नाही तर न झिजलेल्या जागा शोधून त्यांनी मापे घ्यावीत, धातू तपासावा आणि ड्रॉइंग काढून प्रत्येकाला नंबर द्यावा. ते ड्रॉइंग कोणालाही नाममात्र शुल्कात मिळावे. हक्कांची भीती कोणी घालील तर डिझाइनची नोंदणी आपल्याकडे दहा आणि वाढवून पाच अशी पंधरा वर्षे टिकते, पेटंट वीस वर्षे. १९९६ मध्ये थांबलेल्या गाडीच्या बाबतीत त्या मुदती केव्हाच सरल्या. दुसऱ्याचे नाव आणि बोधचिन्ह भागावर उमटवू नये म्हणजे झाले, आणि तसे उमटवण्याची गरजही नाही. पीथमपूरला बनलेल्या किनेटिक होंडा स्कूटर इंदुरात अजून कितीतरी घरांत आहेत, त्यांचे मालकही याच रांगेत उभे आहेत. कारखाना तासाभराच्या अंतरावर होता म्हणून त्यांची वाट सोपी झालेली नाही.

कस्टम गाड्या बांधणाऱ्या तरुणांना मात्र शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. परवानगीच्या मर्यादेत राहून तुम्ही जे काही बांधता, त्याचा एक कागद ग्राहकाला द्या : फोर्क कुठल्या गाडीचा, चाकाचे बेअरिंग कोणते, कोणता भाग लेथवर केला आणि कोणत्या मापाने. माझ्या पुतण्याच्या गाडीबरोबर असा कागद आला असता तर आमचे चार महिने वाचले असते. गाडी विकताना रंगाच्या छटेचे नाव इंग्रजीत छापून दिले होते, ते अजून फाइलमध्ये आहे.

फोर्कच्या बुशचे ड्रॉइंग मी पेन्सिलीने काढून, फटीच्या मापासह तारीख घालून ठेवले आहे, आणि त्या टर्नरच्या शेडमध्ये एक प्रत भिंतीला चिकटवली आहे. पिस्टनचे ड्रॉइंग मात्र अपुरे आहे, कारण पिनेची खरी जागा दाखवणारा मूळ पिस्टन अजून हाती लागलेला नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे येझदीचा मूळ मापाचा, डब्यातून न काढलेला पिस्टन असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. तो विकत नको आहे. मालकाच्याच टेबलावर, त्यांच्यासमोर, अर्ध्या तासापुरता मोजायला मिळाला तरी पुरे. मायक्रोमीटर आणि कोनमापक मी घेऊन येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त टूल रूम पर्यवेक्षक
इंदूर