डिस्चार्ज कार्डावरील निदान पूर्ण लिहिले जावे: मा. सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी खराडीतील एका कंपनीत मेडिकल कोडर आहे. अमेरिकेतील रुग्णांच्या कागदपत्रांतील निदान वाचून त्याला योग्य कोड, म्हणजे त्या आजारासाठी ठरलेला अक्षर-आकड्यांचा संकेत, देणे हे माझे काम. तिथे एकाच रुग्णाला उच्च रक्तदाब, हार्ट फेल्युअर आणि किडनीचा जुना विकार असेल, तर ही दुखणी सुटी नोंदवून चालत नाही. त्यांचा परस्परसंबंध नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले नसेल, तर तो आहे असेच धरून आय 13 या एकत्रित गटातला कोड द्यावा लागतो आणि सोबत हार्ट फेल्युअरचा प्रकार आय 50 खाली, तर किडनीच्या विकाराचा टप्पा एन 18 खाली नोंदवावा लागतो. टप्पा लिहिलेला नसल्यास, इजीएफआरचा (किडनी रक्त किती गाळते याच्या अंदाजाचा) आकडा समोर असूनही कोडरने तो स्वतः ठरवायचा नसतो; डॉक्टरांनाच विचारावे लागते.

अलीकडे नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांचे पुण्यातील एका रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड माझ्या हाती आले. निदानाच्या रकान्यात ‘एचटीएन, सीसीएफ, सीकेडी’ (म्हणजे उच्च रक्तदाब, हार्ट फेल्युअर, किडनीचा जुना विकार) एवढेच होते आणि तपासण्यांत क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) 2.4. हे क्रिएटिनिन आधीपासूनच वाढलेले होते, की हृदयाचे पम्पिंग घसरल्यामुळे दाखल असतानाच वाढले, याविषयी अक्षरही नव्हते. किडनीचा विकार जुना म्हणायला तो किमान तीन महिन्यांचा असावा लागतो. नव्याने वाढलेले क्रिएटिनिन हृदयावरील उपचारांनी उतरूही शकते. जुन्या विकारात मात्र औषधांचे डोस, आहार आणि पुढे डायलिसिस यांचा विचार वेळीच करावा लागतो. लघवी होण्याची गोळी किती द्यायची, गुडघेदुखीसाठी कोणते औषध टाळायचे, हे पुढच्या डॉक्टरांनी अशा कार्डावरून कसे ठरवायचे? मला हे फार गंभीर वाटते.

यात डॉक्टरांना दोष देण्याचा हेतू नाही. एकेका निवासी डॉक्टरवर किती खाटांचा भार असतो, हे ससूनच्या वॉर्डात उभे राहिले तरी कळते. म्हणूनच हे कुणाच्या आठवणीवर न सोपवता छापील नमुन्यातच यावे, असे मला वाटते.

सरकारी रुग्णालयांच्या आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांच्या डिस्चार्ज कार्डावर हृदय व किडनी दोन्हींचा विकार असलेल्या रुग्णांसाठी इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा), इजीएफआर, किडनीविकाराचा टप्पा, क्रिएटिनिनचा जुना आकडा तारखेसह आणि या आजारांच्या परस्परसंबंधाविषयी डॉक्टरांचे मत, हे रकाने सक्तीचे करावेत. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रातही ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढे लिहून भागवले जाते, तेव्हा मागचा किडनीचा विकार राज्याच्या आकडेवारीत येतच नाही; तिथेही हीच शिस्त हवी.

कोडिंग जाणणारी माणसे याच शहरात मोठ्या संख्येने आहेत. रुग्णालयांच्या रेकॉर्ड विभागांत कोडरची पदे निर्माण करून, अपुऱ्या नोंदीबद्दल डॉक्टरांना लेखी विचारणा करण्याचा अधिकार त्यांना द्यावा आणि याची सुरुवात पुणे जिल्ह्यापासून करावी, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
एक मेडिकल कोडर, पुणे