घारीचा माग शेतापर्यंत काढणारा माहितीपट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत तैवानच्या निसर्गविषयक माहितीपटांवरचा लेख वाचला. दिग्दर्शक ची पो-लिन यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या तैवानवर त्यात भरभरून लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. पेन्शन तोंडावर आलेली सरकारी नोकरी सोडून, घर गहाण टाकून त्या माणसाने तो चित्रपट उभा केला. जून २०१७ मध्ये पुढच्या भागाचे चित्रीकरण सुरू असताना हेलिकॉप्टर कोसळून ते गेले. पण आमच्यासारख्या शेतीवर पोट असणाऱ्यांना ज्याची गोष्ट सगळ्यात जवळची वाटावी, त्या माहितीपटाचा लेखात उल्लेखही नाही. म्हणून हे पत्र.

लियांग चिए-ते यांचा ‘फ्लाय, काइट, फ्लाय’ हा माहितीपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. माझी मुलगी तैवानमध्ये शिंचूला शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिने तो लॅपटॉपवर दाखवला. खाली इंग्रजी ओळी पळत होत्या. मी अडलो की ती थांबवून सांगायची.

आपल्या गावावर घिरट्या घालते ती घार आणि तिथली घार एकाच जातीची. आपल्याकडे ती इतकी नेहमीची की मान वर करून कोणी बघतही नाही. तैवानमध्येही एके काळी तसेच होते. लहान मुलांचा ‘घार आणि कोंबडीची पिल्ले’ हा खेळ तिथे अजून आहे, पण खेळणाऱ्या बहुतेक मुलांनी घार पाहिलेली नसते. उत्तरेकडच्या कीलुंग बंदरात शेन चेन-चुंग नावाचे जीवशास्त्राचे शिक्षक होते. १९९२ च्या सुमारास त्यांनी ठरवले, आयुष्याची वीस वर्षे घारींना द्यायची. नोकरी सोडली. डोंगरकड्यावर बसून घरटी पाहायची, संध्याकाळी रातथाऱ्याला जमणाऱ्या घारी मोजायच्या, एकेका घारीला ओळखून नाव द्यायचे आणि सगळे वहीत उतरवायचे. लियांग तेव्हापासून कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे होते. दोन दशकांहून जास्त काळ एका शिक्षकाच्या आणि एका पक्ष्याच्या मागे राहणे ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

घारी कमी का होतात, हे मात्र बराच काळ कोडेच होते. जंगलतोड, रस्ते, घरट्यांतून पिल्ले काढून नेणे ही कारणे होतीच, पण तेवढ्याने हिशेब लागत नव्हता. २०१२ मध्ये दक्षिणेकडच्या पिंगतुंगमधल्या संशोधक लिन हुई-शान यांना मेलेल्या घारी सापडल्या. तपासणीत अंगात कार्बोफ्युरान हे जहाल कीटकनाशक निघाले. तिथून माग निघाला तो थेट शेतात. पिंगतुंगमध्ये भात निघाला की लाल घेवड्यासारखे एक कडधान्य पेरतात. पेरणीच्या वेळी पाखरे दाणे आणि कोंब खातात म्हणून शेतकरी विष टाकत. चिमण्या, होले मरून पडत आणि मेलेले खाणारी घार त्यावर उतरे. लिन वाफ्यांतून चालत मेलेली पाखरे गोळा करतात, ते दृश्य आले तेव्हा मी मुलीला लॅपटॉप थांबवायला सांगितला. ती पाखरे मला ओळखीची होती, आणि ते विषही.

मी कोरेगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो आणि घरचे दोन एकर घेवड्याला असतात. पहिला पाऊस झाला, टोकण झाली की आठवडाभरात माणसे काउंटरवर येतात. “अण्णा, होल्यांनी निम्मं रान उकरलं, कायतरी जालीम द्या.” लांडोरी तर कोंब ओळीने उपटत जातात. मागणाऱ्याची अडचण खरी असते. बियाण्याचा भाव, मजुरी आणि दुबार पेरणीची भीती त्याच्या डोक्यावर असते. मी चमकी पट्टी देतो, चार दिवस सकाळ-संध्याकाळ राखण करा म्हणतो. काही जण ऐकतात, काही जण दुसऱ्या दुकानाकडे वळतात. डब्यावरचा जहाल विषाचा लाल त्रिकोण सगळ्यांना माहीत आहे. पण दाणेदार औषधाचा एक दाणा एका लहान पाखराला पुरतो आणि ते पाखरू पुढे दुसऱ्याच्या पोटात जाते, हे कोणी त्यांना डोळ्यांनी दाखवलेले नाही. गिधाडांचे आपण पाहिले. मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या जनावरांच्या वेदनाशामक औषधावर २००६ मध्ये बंदी आली तोवर आकाश रिकामे झाले होते.

या माहितीपटाने शेतकऱ्याला खलनायक केले नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. पाखरांना विष न घालणारे आणि तणनाशक न मारणारे शेतकरी तिथे पुढे आले. त्यांचा माल ‘घारीचे लाल दाणे’ अशा नावाने पाकिटात भरून एका मोठ्या सुपरमार्केट साखळीने विकायला घेतला. गिऱ्हाइकाने तो घेतला. पुढे सरकारने कार्बोफ्युरानच्या जहाल द्रावणावर बंदी घातली आणि त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या घारींची संख्या वाढली. आपल्याकडेही २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने कार्बोफ्युरान ३ टक्के आवरणयुक्त दाण्यांपुरतेच उरले आहे, फोरेट हे तसेच जहाल कीटकनाशक तर त्याआधीच बंद झाले. पण कागदावर बंदी आली म्हणून कोंब उपटणारा होला थांबत नाही. शेतकऱ्याचे नुकसान कोण भरून देणार, याचे उत्तर पिंगतुंगच्या लोकांनी बाजारात शोधले. आमच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. पाखरू न मारता पिकवलेल्या घेवड्याला पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने किलोमागे चार पैसे जास्त दिले, तर माझ्या काउंटरवरचा ‘जालीम’ हा शब्द निम्म्याने कमी होईल, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

असे चित्रपट पुण्या-मुंबईच्या महोत्सवांत, पक्षीप्रेमींसमोर दाखवले जातात. त्या प्रेक्षकांनी विष टाकलेले नसते. हा माहितीपट मे महिन्यात, खरीपपूर्व बैठकांमध्ये, गावच्या विकास सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला पाहिजे, आणि तोही मराठी निवेदनासह, कारण खाली पळणारी इंग्रजी अक्षरे वाचत कोणी बसणार नाही. कृषी विभागाने आणि महोत्सव भरवणाऱ्या संस्थांनी निर्मात्यांकडून रीतसर परवानगी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. हॉल, पडदा आणि चहा यांची जबाबदारी आम्ही तालुक्यातले दुकानदार घेऊ. निवेदन मराठीत करून देणारे कोणी वाचक असतील तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपला नम्र,
एक कृषी सेवा केंद्रचालक,
ता. कोरेगाव, जि. सातारा