विमानाच्या वाटेत ड्रोन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं ‘ड्रोनचा एवढा बाऊ कशाला?’ हे वाचकपत्र वाचून संताप आला, म्हणून लिहितो. विमानांना पाखरं धडकतातच, तरी विमानं उडतात, मग किलोभराच्या खेळण्यानं काय बिघडणार, असं पत्रलेखक विचारतात. ते कोल्हापूर शहरात राजारामपुरीत राहतात, मी कोल्हापूर विमानतळाजवळच्या तामगावात. उतरणारं विमान किती खालून जातं, हे आमच्या शिवारात उभं राहून बघावं.

पाखरू म्हणजे मांस, पिसं आणि पोकळ हाडं. ड्रोनमध्ये मोटरी असतात, कॅमेरा असतो, लिथियमची घट्ट बॅटरी असते. माझी हयात गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीवर गेली, टणक वस्तू वेगानं आदळली की पत्र्याचं काय होतं हे मला माहीत आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका हवं तर. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनासाठी तिथल्या विद्यापीठांनी अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष 2017 साली आला: तेवढ्याच वजनाच्या पाखरापेक्षा ड्रोननं विमानाचं जास्त नुकसान होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्याच डेटन विद्यापीठात किलोभराचा ड्रोन ताशी सुमारे 380 किलोमीटर वेगानं एका छोट्या विमानाच्या पंखावर आदळवून बघितला. तो पंखाची कड फोडून आत गेला आणि पंखाचा भार ज्यावर असतो त्या मुख्य तुळईला इजा झाली. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसला वणवा पेटला असताना पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला ड्रोननं भोक पाडलं. तो तर पाव किलोचाही नव्हता. विमान उतरलं, पण ऐन आगीत दुरुस्तीला बसलं.

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. गेल्या लग्नसराईत नेर्लीकडच्या माळावर एक प्री-वेडिंग शूट चाललं होतं. नवरा-नवरी, घरची चार माणसं आणि डोक्यावर घोंगावणारा ड्रोन. दुपारचं विमान यायची वेळ झाली होती. मी जाऊन त्या फोटोग्राफर पोराला म्हटलं, “बाळा, खाली घे ते. विमान येतंय.” तो मोबाईलच्या स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, “काका, हलकं हाय ओ, काय हुतंय? पाच मिनटांत आटपतोय.” मी पुन्हा सांगितलं, तेव्हा मुलीचे मामा पुढं आले. “पाव्हणं, शुभकार्यात आडवं येऊ नका.” एवढ्यात विमान आलं आणि गेलं. ड्रोन वरच होता. त्या पोरानं तेव्हासुद्धा आभाळाकडं बघितलं नाही! घरी येऊन फोन लावले. एका कार्यालयानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं विचारलं, “तुमचं काही नुकसान झालंय का?” विमानातली माणसं माझी कुणी नव्हती, म्हणून मी गप्प बसायचं का?

नियम नाहीत असं नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, 8 ते 12 किलोमीटरमध्ये परवानगीशिवाय 200 फुटांच्या वर नेता येत नाही, आणि मोडल्यास 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पत्रलेखकांची राजारामपुरीसुद्धा त्या 8 किलोमीटरांत येते, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. विमान साधारण 3 अंशांच्या उतारानं खाली येतं. म्हणजे धावपट्टी 2 किलोमीटरवर राहिली की ते जेमतेम साडेतीनशे-चारशे फुटांवर असतं. लग्नाचे ड्रोनही त्याच उंचीवर जातात. शिवाय वैमानिकाला एवढीशी वस्तू दिसणार कधी आणि तो टाळणार कशी?

डिसेंबर 2018 मध्ये लंडनचं गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या खबरींनी ठप्प झालं. सुमारे 1 हजार विमानफेऱ्या आणि 1 लाख 40 हजार प्रवाशांना फटका बसला. धडक होण्याचीही गरज पडली नाही. आपल्याकडं फेऱ्या मोजक्याच. 1939 साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेल्या या विमानतळावरची सेवा मध्ये बंद पडली, तेव्हा कोल्हापूरनं किती वर्षं वाट बघितली हे विसरलो का आपण?

प्रशासनाला माझं सांगणं आहे: विमानतळाभोवतीच्या उजळाईवाडी, गडमुडशिंगी, तामगाव, नेर्ली, गोकुळ शिरगाव या गावांच्या वेशीवर ड्रोनबंदीचे ठळक मराठी फलक लावा. तक्रारीसाठी एकच फोन नंबर ठेवा, आणि तो उचलणारा माणूसही. मंगल कार्यालयांनी बुकिंग घेतानाच फोटोग्राफरकडून लेखी हमी घ्यावी. आपल्या दैनिकानं हा नंबर मिळवून रोज पहिल्या पानावर छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि गणपतीतल्या लेझरचंही बघा. बंदीचे आदेश निघतात, तरी मिरवणुकीत ते झोत आभाळात फिरतच असतात. आता कोल्हापुरात रात्रीही विमान उतरण्याची सोय आहे. ऐन उतरताना वैमानिकाचे डोळे दिपले, तर कुठल्या मंडळाला जाब विचारायचा?

आपला,
एक जुना वाचक, तामगाव (ता. करवीर)